यानातला काळा माणूस आधी मरतो

तुम्हाला गोरं केलंय हो त्यांनी.

परवा दुपारी तुमच्या धाकट्या भावानं बॅनरची गुंडाळी आणली आणि अंगणात उलगडली. वारा होता म्हणून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मागं निळंशार आभाळ, कापसाचे ढग, खाली कुठल्याशा बागेतली गुलाबाची फुलं, आणि मधोमध एक दुधासारखा गोरा, गुलाबी ओठांचा माणूस. मी विचारलं, “हे कोण?” भाऊजी माझ्याकडं बघतच राहिले. त्यांना वाटलं असेल, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. खाली तुमचं नाव होतं. मिशी तुमची होती, शर्टही तुमचाच होता. बाकी सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी.

तुम्ही गेलात त्याला दोन आठवडेही झाले नाहीत. कुठं कळ आली, कुठल्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर काय म्हणाले, हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगून माझं तोंड वाळलंय. तुम्हाला ते काय सांगू, तुम्ही तिथंच होतात. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि समोर भांडायला कोणी नाही, याच्याइतकी वाईट गोष्ट मला नर्सच्या एवढ्या नोकरीत दिसली नाही. लोक मरताना पाहिलेत मी. मागं राहिलेल्यांचं काय होतं ते पाहिलं नव्हतं.

तुम्हाला आठवतं ना, हे भांडण सुरू कुठून झालं? लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात. वसमतला तुमचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान नवं होतं. लग्नसराई संपली की तुम्ही नांदेडहून भाड्यानं कॅसेटी आणायचात आणि आपण दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून बघायचो. तुम्हाला घरगुती रडारडीचे पिक्चर चालायचे नाहीत. तुम्हाला पाहिजेत अवकाशयानं, ग्रह, यंत्रमानव. इंग्रजी दोघांनाही फारसं कळायचं नाही, पण यान बिघडलं हे कळायला इंग्रजी कशाला लागतं?

त्या प्रत्येक यानात एक काळा माणूस असायचा. एकच. हसरा, गमत्या, सगळ्यांना मदत करणारा. बाहेर काहीतरी खुडबुडलं की हातात पाना घेऊन हाच पुढं जाणार. तुम्ही मला कोपरानं ढोसायचात, नर्स म्हणून सिस्टरच म्हणायचात मला. “बघ सिस्टर, आता ह्यो गेला.” आणि तो जायचाच. मग तुम्ही मागच्या खोलीकडं तोंड करून ओरडायचात, “आये, मी मेलो बग!” तुमच्या आई आतून चिडायच्या, “असं बोलू न्हाई रे, लेकरा.” आपण हसायचो. इतकं हसायचो की पुढचा पिक्चर बुडायचा.

एकदा मात्र मला हसू आलं नाही. त्या पिक्चरमध्ये तर तो एक काळा माणूससुद्धा नव्हता. पुढच्या हजार वर्षांनंतरची गोष्ट, शहरंच्या शहरं आभाळात तरंगतायत, आणि सगळी माणसं पांढरी. मी म्हणाले, “अहो, हजार वर्षांनी आपण कोणीच नसू का? तवर आपण सगळे संपलो काय?” तुम्ही कॅसेट थांबवलीत. पडद्यावर एक गोरी बाई तोंड उघडं ठेवून थरथरत राहिली. तुम्ही म्हणालात, “आपल्याकडच्या पिच्चरमधी तरी कुठं हाय गं? शास्त्रज्ञ म्हनला की गोरापान, घारा. काळा माणूस म्हनलं की गुंड नायतर गडी.” आणि मग म्हणालात, “मंग आपणच काढू. तू जायचं अवकाशात. मी काय, कॅमेरा धरतो.”

मी समजले, हवेतल्या गप्पा. पण तुमच्या डोक्यात एकदा काही शिरलं की निघायचं नाही, मग ते खूळ असो की ताप.

आणि इथंच मी पहिल्यांदा तुमच्याशी भांडले, कारण तुमचं पोट कशावर चालत होतं? नवऱ्या गोऱ्या करण्यावर. मांडवात तो डोळे फोडणारा लाईट नवरीच्या तोंडावर मारायचा, वर दुकानात येऊन मिक्सिंग करताना उजेड आणखी वाढवायचा. काळी पोरगी उजळायची, नाक पुसलं जायचं, भुवया तेवढ्या उरायच्या. नवरीचा बाप खूश. “मधुकरभाऊ, काय शूटिंग केली तुमी! पोरगी वळखू येईना.” मी म्हणायची, ओळखू येईना ही तारीफ आहे होय? माझ्या स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटीत मी चुन्यात बुडवून काढल्यासारखी दिसते, आणि ती शूटिंग तुमच्याच दोस्तानं केलेली. तुम्ही डोकं खाजवायचात. “पोटासाठी उजळ, सिस्टर. आपल्या पिच्चरमधी खरं.” हे तुमचं ठरलेलं उत्तर होतं, आणि मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

हिंगोली जिल्हा नवा झाला त्या उन्हाळ्यात आपण सुरुवात केली. माझी नोकरी सिद्धेश्वर धरणाकडच्या उपकेंद्रात, आणि धरणाचं पाणी मागं सरकलेलं. मागं उरलेली भेगाळलेली जमीन बघून तुम्ही म्हणालात, हाच आपला ग्रह. मंडपवाल्याकडचं चंदेरी कापड मी हातानं शिवलं. डोक्याला वेल्डिंगवाल्याचं झाकण, त्यातली काळी काच काढून साधी बसवलेली. आणि यान? हळकुंडं घासून पॉलिश करायचा तो फिरता लोखंडी ड्रम. एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून तुम्ही तो ट्रॅक्टरवर घालून आणलात, मला आत बसवलंत आणि बाहेरून गरागरा फिरवलात. मी ओकले. तुम्ही म्हणालात, “बराबर. अवकाशात असंच हुतं.”

पहिली कॅसेट दुकानात लावून बघितली तर चंदेरी कपडे होते, झाकण होतं, आणि झाकणात कोणी नव्हतं. नुसता काळोख. कॅमेऱ्याला आभाळ दिसलं, कापड दिसलं, मी दिसले नाही. तुमचा दुकानातला माणूस रफीक म्हणाला, “भाभी, लाईट वाढवू काय, नवरीसारखा?” मी त्याच्याकडं असं बघितलं की तो चहा आणायला गेला. तुम्ही मात्र ती कॅसेट परत परत बघत होतात. दुसऱ्या रविवारी घरातलं पितळी ताट घेऊन आलात. रफीकला माझ्या पायाशी बसवलंत आणि ताटावरचं ऊन खालून माझ्या तोंडावर टाकायला लावलंत. मग मी दिसले. काळी, घामेजलेली, नाकडोळे जिथल्या तिथं असलेली मी. माझा चेहरा पडद्यावर मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. तुम्ही म्हणालात, “उजेड टाकनं येगळं आन् पांढरं करनं येगळं, हे मला आजपतूर कळलंच नव्हतं.” अहो, त्या दिवशी तुमच्यावर माझा इतका जीव जडला, की लग्नात सुद्धा तेवढा नव्हता. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही चढून बसला असतात.

पण लगेच दुसरा तमाशा केलात. परग्रहावरची माणसं पाहिजेत म्हणून तुम्ही कोळशाची पूड तेलात कालवली आणि रफीकला फासायला घेतली. मी ड्रममध्ये जाऊन बसले आणि बाहेरच येईना.

“काय झालं?”

“काळं म्हनलं की राक्षसच काहून?”

“अगं परग्रहावरचा हाय त्यो. माणसासारखा कसा दाखवू?”

“मंग निळा दाखवा, हिरवा दाखवा, पिवळा दाखवा. काळी मी हाय.”

तुम्ही कोळशाचा डबा नदीच्या चिखलात पालथा केलात. तोंडानं चूक कबूल करणं तुमच्या स्वभावात नव्हतं, हातानं करायचात. वसमत म्हणजे हळदीचा बाजार, तिथल्या माणसाला पिवळ्याची काय वाण? ड्रमच्या तळाशीच डबाभर हळद निघाली. रफीकला रंगवला, आणि माणूस कमी पडला म्हणून तुम्ही स्वतः उघडे होऊन पायापासून केसांपर्यंत हळद चोपडून घेतलीत. कॅमेरा तिपाईवर चालू ठेवलात. तेवढ्यात वरच्या शेतातून खुरपणीच्या बाया पाणी प्यायला उतरल्या. त्यांनी बघितलं, दोन पिवळे पुरुष, एक चंदेरी कपड्यातली बाई. त्यातली म्हातारी पुढं आली आणि म्हणाली, “काहून गं बाई, नदीत हळद लावून राहिले? घरात काही इघ्न हाय काय? नवरदेव कोनचा ह्यातला?” तुम्ही म्हणालात, “मावशी, आमी दुसऱ्या ग्रहावरचे हाव.” ती म्हणाली, “असाल बाबा. पर हळदीचं गाणं म्हनल्याबिगर कोनी हळद लावतं व्हय?” आणि त्या बायांनी गोल करून खरोखर गाणी म्हटली. उरलेली हळद मला फासली. ते सगळं कॅसेटीत आहे. तुम्ही म्हणायचात, ते काढून टाकायचं नाही. जगातल्या कुठल्या पिक्चरमध्ये परग्रहवासीयांची हळद लागली आहे?

हसणं इथंच संपतं. कारण शेवटाचं काय?

तुमच्या गोष्टीत शेवटी यान बिघडायचं. सगळ्यांना वाचवायला मी मागं राहायची आणि मरायची. हे तुम्ही मला कितीतरी महिने सांगितलंच नव्हतं. सांगितलंत तेव्हा मी हातातलं ताट भिरकावलं. “इतकी वर्षं त्यायला शिव्या दिल्या आन् तुमी बी तेच केलं?” तुम्ही म्हणालात, “अगं, पब्लिक रडली पायजे.” मी म्हणाले, “आपला माणूस मेल्याबिगर पब्लिकला रडू येत न्हाई काय? मला जिती परत आना. मी उतरते, घरी येते, चहा करते. करा तेवढं.” तुम्ही म्हणालात, त्यात काय मजा? आणि पिक्चर अडकला. लग्नसराया आल्या, गेल्या. कॅसेटीच्या जागी सीडीच्या चकत्या आल्या. आपल्याला मूलबाळ नव्हतं, तर लोक म्हणायचे, ह्या दोघांनी पिक्चरचंच लेकरू करून ठेवलंय, तेही जन्मेना. दरवर्षी पाणी आटलं की आपण धरणाकडं बघायचो आणि तेच भांडण पुन्हा करायचो.

यंदा जेवताना तुम्ही आपणहून म्हणालात, “पानी आटलं की शेवट काढू. कसा काढायचा ते मी ठरवलंय.”

“काय ठरवलं?”

“सांगत न्हाई, सिस्टर. तिथंच बघ.”

मी चार वेळा विचारायला पाहिजे होतं का? तुम्ही हसत होतात. मला वाटलं, वेळ आहे. सांगा ना आता. मी जगते की मरते? बाकी जगाला या प्रश्नाचं काही नाही, मला आहे. भाकरी थापताना हात थांबतो आणि मी विचारते, अहो, काय ठरवलं होतं? उत्तर येत नाही. कधीच येणार नाही. हे मला सहन होत नाही.

आणि वर हा बॅनर. उद्या रविवारी तुमचं पुण्यानुमोदन. बुद्धवंदना होईल, लोक बोलतील, फुलं वाहतील, आणि ती फुलं त्या पांढऱ्या माणसाच्या पायाशी पडतील. मी भाऊजींना म्हणाले, हा लावायचा नाही. तेव्हा ओसरीवरून तुमच्या आई बोलल्या. मला वाटलं होतं, त्या माझ्या बाजूनं बोलतील.

“राहू दे गं. लई चांगला दिसून राहिला. शाळेत मास्तर काळ्या म्हनायचा, गावात काळ्या म्हनायचे. एक पोरगी सांगून आलती, ती बी काळा म्हनून मोडली. मेल्यावर तरी गोरा दिसू दे माझं लेकरू. तुझं काय जातंय?”

काय जातंय माझं? सगळंच गेलंय, आता एक तोंडवळा होता.

काल मी रफीकच्या दुकानात गेले. तुमच्या दुकानात काम शिकून त्यानं आता स्वतःचं काढलंय, कॉम्प्युटर आहे, बॅनरचं मशीन आहे. मी आत शिरले तीच ओरडत. “रफीक, तू? तू केलं हे?” तो उभा राहिला. डोळे सुजलेले होते त्याचे.

“भाभी, मी काय नवीन केलं? उस्तादांनीच शिकवलं. मयताचा फोटो आला की थोडा उजाळा द्यायचा, म्हनायचे. घरच्यायला बरं वाटतं.”

बघा. तुम्हीच. कोणाकोणाचे बाप, कोणाकोणाच्या आया तुम्ही अशा उजळून भिंतीवर टांगल्यात, आणि मला म्हणायचात पोटासाठी. मला तुमचा इतका राग आला की तुम्ही समोर असतात तर मी तुम्हाला गदागदा हलवलं असतं. कोणाचं भलं केलंत हो? त्या घरातली बाई रोज कोणाकडं बघत असेल?

मी म्हणाले, “मला जसे होते तसे करून दे.” रफीक म्हणाला, “द्या ओरिजनल.” आणि मग कळलं, ओरिजनल नाहीच. एक शर्टातला फोटो, त्यावर फ्लॅशचा उजेड फुटलेला. लग्नातली कॅसेट चुन्यात बुडालेली. बाकी सगळीकडं तुम्ही कॅमेऱ्यामागं. हलते-बोलते तुम्ही फक्त आपल्या पिक्चरमध्ये, तेही पायापासून केसांपर्यंत पिवळे. सगळ्या तालुक्याची तोंडं तुम्ही टिपलीत आणि तुमचा रंग कुठंच नाही.

“तर मंग तुमीच सांगा,” रफीक म्हणाला. “मी कमी-जास्त करतो. उस्तादांवर आलं की थांबवा.”

तो माऊस सरकवत गेला. तुम्ही पडद्यावर गोऱ्याचे गव्हाळ झालात, गव्हाळाचे सावळे. “आनखी,” मी म्हणत होते. “आनखी काळे. न्हाई, एवढे न्हाई. थोडं मागं.” तो मागं घ्यायचा. “आता?” मला वाटायचं, हेच. लगेच वाटायचं, नाही. तांबूस झाक होती का? कानाजवळ जास्त काळे होतात की मानेवर? तुमच्या शेजारी मी इतकी वर्षं झोपले, तुमचं अंग तापात पुसलं, शेवटचं सुद्धा मीच पुसलं. आणि मला तुमचा रंग सांगता येईना. रफीक थांबला होता. मी म्हणाले, “मला आठवत न्हाई रे,” आणि तिथंच खुर्चीवर बसून मी अशी रडले की बाहेरून गिऱ्हाईक परत गेलं. लोक म्हणतात माणूस हळूहळू विसरतो. हळूहळू कुठं? तुम्ही अजून घरातून पुरते गेला नाहीत.

घरी येऊन मी आईंना एवढंच सांगितलं. भांडले नाही. “आत्याबाई, लावा तुमचा गोरा. मला त्यायचा रंगच आठवत न्हाई.” त्या ताटलीतली भाकरी तशीच ठेवून भिंतीकडं तोंड करून पडल्या.

आज सकाळी उठून बघते तर त्या नवं लुगडं नेसून दारात काठी घेऊन उभ्या. “चल,” म्हणाल्या, “कुठं हाय त्या पोराचं दुकान?” तुमच्या आई, ज्यांना दारातून नळापर्यंत जायला आधार लागतो, त्या बाजारातून चालत गेल्या. रिक्षा नको म्हणाल्या.

रफीकनं खुर्ची दिली. पडद्यावर तुम्ही होतात, मी काल सोडले तिथंच, अर्धवट. आईंनी लुगड्याचा पदर बाजूला केला, चोळीची बाही दंडावर सरकवली आणि हात उलटा करून पडद्याला लावला. दंडाची आतली बाजू, जिथं कधी ऊन पडलं नाही.

“हे घे. असा जन्मला व्हता.”

रफीक माऊस सरकवू लागला. आईंचा हात मी खालून धरला. त्या डोळे बारीक करून बघत होत्या. “ह्याच्यापरीस काळा कर. मांडवात उन्हाचा फिरायचा त्यो. कपाळ जास्त कर, टोपी घालायचा न्हाई कधी, किती सांगितलं तरी.” मग मलाही एकेक आठवत गेलं. मी म्हणाले, उजव्या गालाला कमी, तिकडं खांद्यावर कॅमेरा असायचा. आई म्हणाल्या, मान तशीच ठेव. आम्ही दोघी तुमच्यावरून भांडलोसुद्धा, हनुवटीवरून. रफीक बिचारा कधी हिचं, कधी तिचं ऐकत होता. आणि एका ठिकाणी आम्ही दोघी एकदमच गप्प झालो.

तुम्ही होतात. काळे. समोर बघत होतात.

आईंनी पडद्यावरच्या तुमच्या गालाला बोट लावलं. तुम्ही गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. बाया म्हणत होत्या, म्हातारीला अजून कळलंच नाही, तिला रडवा. मी पण एकदोनदा प्रयत्न केला होता, नर्स आहे ना.

“ह्योच हाय,” त्या म्हणाल्या. “आगं, ह्योच मेलाय.”

आणि त्यांनी दुकानाच्या मधोमध हंबरडा फोडला.